मृण्मयीच्या गणिताबद्दल

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘गणित आमच्या रक्तातच नाही, म्हणून मृण्मयीच्या मागे लागणं सोडून दिलंय’ हे वाक्य मनाला फार लागलं. पोर आत्ता कुठे सातवीत आहे रे!

अनुवंशाचा वाटा नसतोच, असं मी म्हणणार नाही. चांगला मोठा असतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रॉबर्ट प्लोमिन यांनी इंग्लंड-वेल्समध्ये १९९४ ते १९९६ या काळात जन्मलेल्या हजारो जुळ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हुबेहूब जुळी (जनुकं जवळजवळ सारखीच) आणि दोन बीजांची जुळी (भावंडांइतकीच सारखी) यांची तुलना केली, तर गणितात मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो त्यातला साधारण निम्मा किंवा थोडा अधिक जनुकांमुळे, असं दिसतं. पण हा हिशोब हजारो मुलांमधल्या फरकाचा आहे. मृण्मयीचं निम्मं गणित आजोबांनी ठरवलं, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. याच जुळ्यांवरचा २०१४चा शोधनिबंध सांगतो की बाराव्या वर्षी वाचन आणि गणित यांवर परिणाम करणारी जनुकं बऱ्याच अंशी एकच असतात. मृण्मयी तर हातात येईल ते पुस्तक संपवते! मग फक्त गणितापुरतं तिचं रक्त वेगळं कसं? गणिताचं असं एखादं खास जनुक कुणाला सापडलेलंही नाही. २०१८ मध्ये ११ लाख लोकांचे डीएनए तपासले, तेव्हा माणूस किती वर्षं शिकतो याच्याशी जोडलेल्या डीएनएवरच्या बाराशेहून अधिक जागा निघाल्या, प्रत्येकीचा परिणाम अगदी नगण्य. सगळ्या डीएनएमधले असे बारीक परिणाम एकत्र मिळवून प्रत्येकाचा एक गुणांक काढला, तरी लोकांच्या शिक्षणातला ११ ते १३ टक्केच फरक उलगडला. तेही युरोपीय वंशाच्या लोकांत. आपल्याकडे तो आकडा तसाच लावता येत नाही.

घरची परिस्थितीही हे गणित बदलते. अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांवरच्या २००३च्या अभ्यासात गरीब घरांमध्ये बुद्ध्यांकाच्या फरकातला जनुकांचा वाटा जवळजवळ शून्यावर आला होता. वाढायला वावच मिळाला नाही, तर अंगचं दिसणार कुठून?

मला वाटतं, ती अपूर्णांकांत अडकली आहे. पाचवी-सहावीत तो धागा सुटला की पुढचं गुणोत्तर, शेकडेवारी, बीजगणित सगळंच परकं होतं. दिवाळीच्या सुट्टीत तिला माझ्याकडे पाठव. रोज सकाळी तासभर बसू, पाठांतर मुळीच नाही. सहावीचं पुस्तक आणि तिच्या जुन्या वह्या सोबत दे. चुका नेमक्या कुठे होतात ते मला बघायचंय. आणि तोवर तिच्यासमोर ‘आपल्या रक्तात नाही’ हे पुन्हा बोलू नकोस, एवढं माझं ऐक.

वहिनींना नमस्कार, मृण्मयीला खूप खूप प्रेम.

तुझाच,
अविनाश