मोडीत न गेलेले चाळ

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरीच पाठवलं असतं, पण पत्ता माहीत नाही. यंदा जत्रा आटोपून गावी आले आणि आधी बाजारपेठेत तुमच्या दुकानाकडे वळले, तर शटर खाली. शेजारी म्हणाले, दुकान आवरून तुम्ही काकूंना घेऊन मुलाकडे राहायला गेलात. म्हणून असं चारचौघांत लिहिते आहे. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. माझं नाव कदाचित लक्षात नसेल, पण पायातले घुंगरांचे चाळ मोडीत घालायला आलेली तमाशातली बाई म्हटलं की आठवेल.

त्या दिवशी मी काही सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. आज सांगते.

आमचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतं. हंगामाआधी फडमालक, म्हणजे तमाशा चालवणारा मालक, आम्हाला उचल म्हणून आगाऊ पैसे देतो, ती नाचून फेडायची. मालकानंही गाड्या, तंबू, लाइट यांसाठी व्याजानं पैसे उचललेले असतात. हे सगळं फिटतं ते चैत्र-वैशाखातल्या जत्रांवर. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येतात, घासाघीस होते, सुपारी म्हणजे खेळाचा सौदा ठरतो. २०२० साली पाडवा होता २५ मार्चला, आणि आदल्या रात्रीच देश बंद झाला. पुढच्या वर्षीचा पाडवा दुसऱ्या लाटेत गेला. सलग दोन चैत्र आमच्या पायात चाळ नव्हते.

दुसरं काम का केलं नाही, असं लोक विचारतात. केलं. टोमॅटो तोडायला गेले, कांदे काढले, जिथे बोलावलं तिथे गेले. पण घरात पाच माणसं, उचल डोक्यावर, आणि खोलीचं भाडं थकलेलं. पहिल्या वर्षीच्या श्रावणात विकण्याजोगं काही उरलं नाही. भिंतीवर आईच्या फोटोखाली चाळ तेवढे टांगलेले होते.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका दुकानात गेले होते. तिथल्या माणसानं पिशवी पायानं सरकवून पाहिली आणि म्हणाला, "आधी बांधून दाखव, मग भाव सांगतो." मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. घरी जायचं म्हणून चालत होते, पण घरी जाऊन करणार काय? वाटेत तुमचं दुकान लागलं.

तुमच्या काट्याशेजारी मोडीचा ढीग होता. चेपलेले तांबे, कान तुटलेली पातेली, एक समई. मी पिशवी पुढे केली. तुम्ही ती उपडी केली नाहीत. आधी हात धोतराला पुसलेत आणि मग एकेक चाळ दोन्ही हातांनी उचलून पारड्यात ठेवलात. पारडं हललं आणि घुंगरं वाजली. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून माझा चेहरा काय झाला असेल, मला माहीत नाही. तुम्ही पटकन तळहात ठेवून घुंगरं दाबून धरलीत. वजन होईपर्यंत ती पुन्हा वाजली नाहीत. साडेचार किलो भरले. मोडीच्या भावापेक्षा पाचशे रुपये जास्त माझ्या हातावर ठेवलेत, वहीत काहीतरी लिहिलंत, आणि मी मागे न बघता निघाले. माझ्या लेखी ते त्या ढिगातच गेले होते.

२०२२ चा पाडवा २ एप्रिलला आला आणि त्याच दिवशी राज्यातले निर्बंध उठले. फडाला सुपाऱ्या यायला लागल्या. मालकाचा निरोप आला आणि माझ्या पायात बांधायला काही नव्हतं. हातउसने पैसे घेऊन मी तुमच्याकडे आले, नवी घुंगरं कुठे मिळतील ते विचारायला. तुम्ही काही न बोलता शिडी लावलीत, माळ्यावर चढलात आणि जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं खाली दिलंत.

"ठेव होती," म्हणालात. वहीचं पान उघडून दाखवलंत. तिथे खरंच 'ठेव' असंच लिहिलं होतं.

मी रडले, तर तुम्ही आत जाऊन पाणी आणलंत. मी पैसे पुढे केले, तर म्हणालात, "दिले तेवढेच घेणार, आणि तेही हंगामात. आत्ता पोराबाळांना बघ." तीन हप्त्यांत मी ते फेडले. तुम्ही फुकट दिले असते तर मी घेतले असते, तेवढी नड होती. पण तुम्ही ते तसे दिले नाहीत, याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत.

नवे चाळ घेता आले नसते का? आले असते. पण नव्या घुंगरांचा आवाज कोरा असतो, कानाला टोचतो. माझ्या चाळांत सत्तरेक घुंगरं आईच्या पायातली आहेत. ती घासून गुळगुळीत झालीत, त्यांचा आवाज खालचा आहे. डावा चाळ उजव्यापेक्षा थोडा जड, कारण आई डाव्या पायावर जोर द्यायची, आणि मीही तशीच शिकले. पायाला त्या वजनाची सवय असते. धावत्या लयीत चाळ वाजवणं फार अवघड नाही. खरी परीक्षा थांबताना होते. ढोलकीची शेवटची थाप पडते, मान वळते, पदर तिथल्या तिथे राहतो, आणि त्या क्षणानंतर पायातल्या एकाही घुंगरानं मागे राहून बोलायचं नाही. हे साधायला मला सात-आठ वर्षं लागली. हे सगळं शिक्षण त्याच साडेचार किलोंत झालं. ते वितळले असते तर मी पुन्हा नाचले असते, पण पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं असतं.

त्या चैत्रातल्या पहिल्या खेळाला मी घोट्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, चाळ कपाळाला लावले आणि बांधले. गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं नमन, झाला आणि आम्ही गौळणीला उभ्या राहिलो. मी दोन पावलं टाकली असतील, ढोलकीवाले अण्णा मान खाली घालूनच म्हणाले, "आईचे ना?" त्यांना वाटलं होतं, मी ते कधीच विकले.

तमाशातल्या थोर कलावंत विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, नाचल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बाहेर आल्या. ती सांगताना लोकांच्या डोळ्यांत अभिमान असतो, माझ्याही असतो. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. तरी २००२ मध्ये गेल्या तेव्हा त्या हलाखीतच होत्या. आज सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव देतं, ते चांगलंच आहे. पण आम्ही बोर्डावर असलो की शिट्ट्या, टोप्या, खूश होऊन दिलेली दौलतजादा, सगळं मिळतं. बोर्डावरून उतरलेल्या बाईकडे हात पुसून बघणारा माणूस मला तरी आयुष्यात एकच भेटला.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, की तमाशा कधी पाहिला नाही, घरात चालायचं नाही. काका, आता या. काकूंनाही आणा. बायका बसतात हल्ली, त्यांना पुढे जागा करून देईन. तुमच्या नव्या गावाजवळ आमचा मुक्काम पडला, तर मीच येऊन घेऊन जाईन, फक्त कुठे आहात ते कळवा.

आणि काकूंना एक सांगा. गाठोडं सोडलं तेव्हा उजव्या चाळाचा कुजलेला दोरा काढून कुणीतरी पिवळ्या दोऱ्यात घुंगरं नव्यानं ओवली होती, एकेकाला वेगळी गाठ मारून. तुम्ही म्हणालात, दुपारी बसून त्यांनीच केलं. तो दोरा अजून तुटलेला नाही.

तुमची,
चाळवाली