मुखडा कुठून उठतो, हे विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या दुपारी तुम्ही फक्त तुमची केबल परत न्यायला आला होतात आणि अडीच तास बसलात. जाताना दारातच मी "थँक यू" पुटपुटलो, ते काही मनाला पटलं नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणाऱ्या एकाच तुकड्यात, अडकलेला मी एकटाच नसणार.

माझ्या सिक्वेन्सरवर, म्हणजे संगीताचे तुकडे रचून वाजवणाऱ्या मशीनवर, तेव्हा अकरा क्लिप (असे तुकडे) होत्या आणि गाणं एकही नव्हतं. आठ बारचं (एक बार म्हणजे चार मात्रा) आवर्तन झकास वाजायचं, म्हणून मी तेच वाजवत बसायचो. तुम्ही अरेंजर, म्हणजे क्लिप गाण्याच्या क्रमाने मांडायची जागा, उघडायला लावलंत, सगळ्या क्लिप या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरायला सांगितल्यात आणि म्हणालात, "आता पुसत जा." पहिल्या आठ बारमधून किक ड्रम गेला, अंतऱ्याखालच्या स्ट्रिंग्ज गेल्या. बास आता सतराव्या बारला येतो, आणि आल्यावर त्याची दखल घ्यावीच लागते.

पण खरे आभार आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी. प्रत्येक टेकमध्ये पहिला शब्द अर्धा तुटायचा. मी माइकला, केबलला, शेवटी स्वतःच्या गळ्यालाही दोष देऊन झालो होतो. तुम्ही एकदाच ऐकलंत, गुडघ्यावर मात्रा मोजल्यात आणि विचारलंत, "मुखडा कुठून उठतो?" समेच्या दीड मात्रा आधी! मशीन मात्र रेकॉर्डिंग धरत होतं बरोबर समेवर. म्हणजे माझा श्वास आणि पहिली दोन अक्षरं क्लिपच्या बाहेर, आणि शेवटच्या स्वराची शेपटी आठव्या बारच्या कडेवर कापलेली. मग तुम्ही क्लिप दहा बारची करायला लावलीत, एक बार पुढे, एक मागे, आणि ती अरेंजरमध्ये एक बार आधी ठेवायला सांगितलीत. लागोपाठच्या ओळी दोन वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे एकीची शेपटी दुसरीच्या श्वासावर आली तरी बिघडत नाही. इतकं साधं होतं. लाज वाटली, हेही कबूल करतो.

टेम्पोचा घोळही तुम्हीच पकडलात. गायलो होतो मिनिटाला 80 मात्रांना आणि नंतर गाणं नेलं 96 वर. आठ बारना आधी 24 सेकंद लागत होते, आता 20. नोट्सच्या क्लिपना त्याचं काही नाही, त्या नुसत्या सूचना. वेग बदला, त्या मुकाट जुळवून घेतात. रेकॉर्ड केलेला आवाज मशीनला आकसून बसवावा लागतो, आणि त्यात माझे 'स' आणि 'च' घासल्यासारखे येत होते. "आधी टेम्पो ठरव, मग तोंड उघड," असं तुम्ही म्हणालात. मी सगळं पुन्हा गायलो. लेव्हलही तुम्ही सांगितलीत तशी ठेवली, सगळ्यात मोठा स्वर उणे 12 डेसिबलच्या आसपास. आवाज फाटत असल्याचा लाल दिवा एकदाही लागला नाही. (तुमची ती केबल मात्र अजून माझ्याकडेच आहे. गप्पांत राहून गेली.)

गाणं 72 बारचं झालंय, म्हणजे बरोबर तीन मिनिटं. केबलबरोबर पाठवतो. दुसऱ्या अंतऱ्याआधी माझा श्वास ऐकू येईल. तो पुसलेला नाही.

तुमचा,
अकरा क्लिपवाला