पानं गळली म्हणून पाणी घालू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 'थंडी पडल्यापासून अडेनियमची पानं पिवळी होऊन गळताहेत, म्हणून रोज तांब्याभर पाणी घालतोय,' हे वाचलं आणि बाकी सगळं बाजूला ठेवून आधी एवढंच लिहायला बसलो. पाणी आजपासून बंद कर. अडेनियम हे फुगीर बुंध्याचं, कोरड्या मुलखातलं झाड; ते मरत नाहीये, झोपलंय. रात्रीचं तापमान 10-12 अंशांपर्यंत उतरलं की ते पानं टाकून देतं. पानंच नसली की पाणी उडून जात नाही, आणि मग कुंडीत ओल तशीच साचून राहते. थंडीतली ती साचलेली ओल या झाडाची खरी वैरी.

आता उठ आणि बुंधा अंगठ्याने दाबून बघ. टणक लागला तर निर्धास्त राहा. सगळीकडून सारखाच थोडा मऊ, सुरकुतलेला वाटला तर ती तहान; तेवढी थंडीत चालते. पण मातीलगत एकाच जागी पिचपिचीत लागलं, घाण वास आला, तर लगेच झाड उपटून काढ. सुरी स्पिरिटने पुसून घे आणि सडका भाग पांढराशुभ्र, कोरडा गर लागेपर्यंत कापत जा. तपकिरी ठिपकासुद्धा मागे ठेवू नकोस. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पूस. मग झाड आठवडा-दोन आठवडे सावलीत, वाऱ्यावर तसंच उघडं ठेव. मुळं उघडी बघून जीव कासावीस होईल, पण जखम वाळल्याशिवाय मातीत घालायचं नाही. अंगात साठलेल्या पाण्यावर ते आरामात तग धरतं.

हे मी एक झाड गमावून शिकलो. बियांपासून वाढवलेलं, चार वर्षांचं. पावसाळ्यात उघड्यावर राहिलं, पानं झडली, तर मला वाटलं भूक लागली असेल. शेणखत घातलं, वर पाणी. एका सकाळी ते कुंडीतच कलंडलं. बुंधा कापला तर आत सडक्या बटाट्यासारखा लगदा. चार वर्षं ज्याला रोज बघत होतो, त्याचं मला काहीच कळलं नव्हतं, याचं वाईट अजून वाटतं.

त्यानंतर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. सहाराच्या दक्षिणेकडचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान हे त्याचं मूळ घर. पेटर फोर्स्कोल हा वनस्पतिशास्त्रज्ञ डॅनिश मोहिमेबरोबर येमेनमध्ये गेला होता, तिथे त्याने ते टिपलं. 1763 मध्ये तो तिथेच वारला. त्याचा सोबती कार्स्टन नीबुरने त्याच्या नोंदी 1775 मध्ये छापल्या. त्यात झाडाचं नाव होतं 'नेरियम ओबेसम', म्हणजे लठ्ठ कण्हेर! अडेनियम हे आजचं नाव येमेनमधल्या एडन शहरावरून आलं, पण मला ते जुनं नावच जास्त आवडतं. सांभाळायचं कसं ते त्यातच आलं. लठ्ठ, म्हणजे पाणी बुंध्यात आधीच भरून ठेवलेलं. आणि कण्हेरीच्या कुळातलं, म्हणजे चीक विषारी. आफ्रिकेत तो बाणांच्या टोकांना लावत असत. तेव्हा छाटणी करताना हातमोजे घाल, डोळ्यांना हात लावू नकोस, आणि लहान मुलांपासून कुंडी लांब ठेव.

ऊन वाढून नवे कोंब दिसले की कुंडी बदल. मातीची, उथळ, तळाला मोठं भोक असलेली घे. निम्म्याहून जास्त भरड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे, बाकी थोडी माती आणि गांडूळखत. पाणी ओतल्या ओतल्या खालून वाहून गेलं पाहिजे. लावताना बुंधा आधीपेक्षा बोटभर वर उचलून लाव, म्हणजे फुगलेली मुळं दिसायला लागतात. मुळं छाटलीस तर ती मात्र आधी चार-पाच दिवस वाळू दे. फांद्याही त्याच सुमारास छाट, कारण फुलं नव्या शेंड्यांवर येतात. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच. सावलीत नुसत्या लांबोडक्या काड्या वाढतात. उन्हाळ्यात मात्र भरपूर पाणी दे, फक्त दोन पाण्यांच्या मध्ये माती तळापर्यंत वाळली पाहिजे. बोट खुपसून बघायचं, वार बघून घालायचं नाही. नत्राचं खत बेतानेच, नाहीतर पानंच माजतात. शेंड्यांवर मावा किंवा पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने धू.

आणि कधी बैलाच्या शिंगांसारखी शेंगांची जोडी धरली, तर तिला दोऱ्याने सैल बांधून ठेव. शेंग तडकली की दोन्ही टोकांना रेशमी झुपके असलेल्या बिया वाऱ्यावर निघून जातात. ताजं बी आठवड्याभरात उगवतं, आणि बियांच्या झाडाचा बुंधा जसा गरगरीत होतो तसा फांदीच्या झाडाचा सहसा होत नाही. फुलाचा रंग मात्र आईसारखाच येईल असं नाही. तो हवा तर कलमच करावं लागतं.

बुंधा कसा लागला ते आजच कळव. पत्राची वाट बघू नकोस, फोन कर.

तुझाच