हाडाची ‘साधी’ गाठ आणि छातीचा स्कॅन : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

हाडांच्या गाठींवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर म्हणून हे पत्र लिहीत आहे. ज्या रुग्णांविषयी लिहायचे आहे ते संख्येने मोजके आहेत, परंतु त्यांची अडवणूक करणारा नियम बदलणे आपल्या अधिकारात आहे. उपचारांसाठीची मदत, पुढच्या मोफत तपासण्या आणि रोगनोंदणी या तिन्ही ठिकाणी गाठ कर्करोगाची आहे की नाही, एवढे एकच पाहिले जाते. हाडांच्या दोन गाठींच्या बाबतीत तेवढे पाहणे पुरत नाही.

त्यांतली पहिली जायंट सेल ट्यूमर. ती प्रामुख्याने विशी ते चाळिशीच्या वयात होते आणि बहुतेक वेळा गुडघ्यालगत, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी आढळते. मनगटाजवळचे हाड हेही तिचे नेहमीचे ठिकाण आहे. दुसरी, कॉन्ड्रोब्लास्टोमा, तिच्याहून दुर्मीळ असून ती बहुधा किशोरवयात दिसते. दोन्ही गाठींच्या बायोप्सीच्या अहवालात कर्करोग नसल्याचे लिहिलेले असते आणि ते बरोबरच असते. तरीही जायंट सेल ट्यूमरच्या काही रुग्णांत, निरनिराळ्या अभ्यासांनुसार 1 ते 9 टक्क्यांच्या दरम्यान, पुढे फुप्फुसांत गाठी आढळतात. कॉन्ड्रोब्लास्टोमात हे प्रमाण आणखी कमी आहे, पण शून्य नाही. फुप्फुसातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो हाडातल्या मूळ गाठीसारखाच दिसतो: अनेक केंद्रके असलेल्या त्याच मोठाल्या पेशी, आणि कर्करोगाची एकही खूण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या वर्गीकरणात जायंट सेल ट्यूमरला साध्या आणि कर्करोगाच्या गाठींच्या मधल्या गटात ठेवले आहे, ते याच कारणाने. जागच्या जागी आक्रमकपणे वाढणारी आणि क्वचित दूर पसरणारी, असे तिचे वर्णन तिथे केले आहे.

हे सारे कोणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. फुप्फुसांतल्या या गाठी सहसा सावकाश वाढतात, काही वर्षानुवर्षे आहेत तेवढ्याच राहतात, क्वचित आपोआप विरूनही जातात, आणि वाढणाऱ्या बहुतेकदा शस्त्रक्रियेने काढता येतात. थोड्या रुग्णांत मात्र त्या जिवावर बेततात. कोणाच्या गाठी कोणत्या वाटेने जातील, हे एका तपासणीत सांगता येत नाही. ठरावीक काळाने पुन्हा पाहत राहणे हाच मार्ग उरतो. आणि नेमके तिथेच आपले नियम रुग्णाची साथ सोडतात.

शस्त्रक्रियेत हाडाला खिडकी पाडून गाठ खरवडून काढतात, पोकळीच्या भिंती ‘बर’ या वेगाने फिरणाऱ्या उपकरणाने घासतात आणि ती पोकळी बहुधा हाडांच्या सिमेंटने भरतात. पुढे एक्स-रेवर सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये काळसर पट्टी रुंदावताना दिसली, की गाठ परत आल्याची शंका घ्यायची. अशी परतलेली गाठ ही फुप्फुसांकडे लक्ष देण्याची मोठी सूचना असते, आणि गाठ मनगटाजवळची असेल तर अधिकच. छातीच्या साध्या एक्स-रेवर लहान गाठी निसटतात; त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. फुप्फुसांतल्या गाठी बहुधा पहिल्या काही वर्षांत दिसतात, तरी दहा वर्षांनंतर आढळल्याच्याही नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ‘साधी गाठ होती, काढून टाकली’ असे म्हणून टाके काढल्यावर रुग्णाची फाईल बंद करणे म्हणूनच चुकीचे ठरते. (‘कर्करोग नाही, सबब मदत नाही’ असा शेरा एका फायलीवर मी स्वतः वाचला आहे. लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याच्यापुढच्या तक्त्यात तिसरा रकानाच नव्हता.)

औषधाचीही अशीच अडचण आहे. गाठ काढता येत नसेल किंवा काढताना मोठे अपंगत्व येणार असेल, तर डेनोसुमॅब दिले जाते; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी त्याला 2013 मध्ये मान्यता दिली. अस्थिठिसूळतेसाठी हेच औषध सहा महिन्यांतून एकदा 60 मिलिग्रॅम देतात, तर या गाठीसाठी दर चार आठवड्यांनी 120 मिलिग्रॅम, शिवाय पहिल्या महिन्यात दोन जादा मात्रा. अस्थिठिसूळतेच्या हिशेबाने केलेली खरेदी इथे पुरी पडणार नाही, हे उघड आहे. औषध थांबल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते, त्यामुळे पुरवठ्यातला खंड या रुग्णांना महागात पडतो. ते देताना कॅल्शियमवर आणि जबड्याच्या हाडावर लक्ष ठेवावे लागते, म्हणजे रक्ततपासणी आणि दातांची तपासणीही त्याच मदतीत धरायला हवी.

माझी विनंती अशी की, या दोन गाठींच्या रुग्णांना मदतीस पात्र ठरवताना अहवालातल्या ‘कर्करोग नाही’ या शब्दांवर थांबू नये. निदानाच्या वेळी छातीचा सीटी स्कॅन आणि त्यानंतर काही वर्षे हाडाची व छातीची नियमित तपासणी त्यांना हक्काने मिळावी, आणि गाठ परतल्यास हा कालावधी नव्याने मोजला जावा. रुग्णसंख्या पाहता खर्चाचा बोजा फार पडणार नाही, असे मला वाटते. पण ती संख्याच आपल्यापाशी नाही, ही खरी पंचाईत आहे. गाठींच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक यादीत जायंट सेल ट्यूमरचा क्रमांक 9250/1 आहे. तिरक्या रेघेनंतरचा 1 हा आकडा तिच्या वर्तनाची खात्री देता येत नाही असे सांगतो, आणि कर्करोग नोंदणीत सहसा 2 व 3 हे, म्हणजे कर्करोग दाखवणारे, आकडे असलेल्या गाठीच घेतल्या जातात. हा एक क्रमांक नोंदणीत समाविष्ट करण्याचा आदेश आपण निधीची वाट न पाहता काढू शकता. या कामाची सुरुवात तिथून व्हावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक अस्थिशल्यचिकित्सक