व्हर्च्युअल डेस्कटॉप समजावून देणाऱ्या आमच्या शिक्षिकेस जाहीर आभार

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

आपल्या संगणक-वर्गाचा मी एक विद्यार्थी. एका पतसंस्थेत मी हिशेब पाहतो आणि मार्चअखेर झाली की वार्षिक अहवालाचे कामही माझ्याकडेच येते. आपण शिकवलेले बरेच काही रोज उपयोगी पडते. पण एकाहून अधिक व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच पडद्यावर आलटूनपालटून आणता येणारे वेगवेगळे डेस्कटॉप, कसे वापरावेत हे आपण ज्या पद्धतीने उलगडून दाखवलेत, त्याबद्दल जाहीरपणे आभार मानणे मला अगत्याचे वाटते. विंडोज १० आल्यापासून, म्हणजे २०१५ पासून, ही सोय आमच्या संगणकांत होती, तरीही ती आमच्यासारख्यांच्या कामाची आहे असे आमच्यापैकी कोणाला वाटले नव्हते.

माहितीपुस्तिका बहुधा कोणत्या कळा दाबायच्या येथून सुरू होतात. आपण सुरुवात केलीत ती आमच्या मनातल्या धास्तीपासून. पडद्यावर ताळेबंदाची एक्सेल फाइल, वर्डमधला अहवाल आणि ब्राउझर उघडे असताना आपण कंट्रोल, विंडोज आणि डी या कळा एकत्र दाबल्यात, तेव्हा सगळे नाहीसे होऊन समोर रिकामा डेस्कटॉप आला. ‘अहो, फाइल सेव्ह करायची राहिली होती,’ असे मागून कोणीतरी घाईघाईने म्हणाले. आपण काहीही न बोलता कंट्रोल आणि विंडोज धरून डावा बाण दाबलात. अर्धवट टाइप केलेला आकडा ज्या रकान्यात होता त्याच रकान्यात होता आणि कर्सर तिथेच लुकलुकत होता. विंडो दिसेनाशी होणे म्हणजे बंद होणे नव्हे, हे त्या एका कृतीतून सगळ्या वर्गाला पटले, आणि माझ्या मते या विषयातील निम्मे शिक्षण तिथेच झाले.

त्यानंतर वाटणीचा प्रश्न आला. एका डेस्कटॉपवर साऱ्या एक्सेल फाइली आणि दुसऱ्यावर ब्राउझर, अशी मांडणी बहुतेकांनी सुचवली. वाटणी प्रोग्रामप्रमाणे नको, कामाप्रमाणे करा, असे आपण सांगितलेत आणि त्यामागची हकिकतही सांगितलीत: झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६ साली ‘रूम्स’ ही रचना मांडली, ती माणूस एका कामासाठी ठरावीक विंडोंचा गटच वापरत असतो, या निरीक्षणावर. घरातल्या खोल्यांसारखी ती कल्पना होती, आणि कोणत्याही खोलीत गेले तरी सोबत राहावी अशा विंडोसाठी त्यात ‘खिसा’ही होता. आज टास्क व्ह्यूमध्ये, म्हणजे सर्व उघड्या विंडो आणि डेस्कटॉप एकत्र दाखवणाऱ्या पडद्यावर, कॅल्क्युलेटरवर उजवे क्लिक करून तो सर्व डेस्कटॉपवर दाखवता येतो, ती सोय त्याच जातीची आहे, हे आपण सांगितल्यावर ती माझ्या कायमची लक्षात राहिली.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे, की खोल्यांची उपमा कुठे लागू पडत नाही तेही आपण त्याच तासाला स्पष्ट केलेत. डेस्कटॉपवरचे आयकॉन सगळीकडे तेच असतात, त्यामुळे एका ठिकाणी फाइल पुसली तर ती सगळीकडूनच जाते. डेस्कटॉप वाढवले म्हणून संगणकाची मेमरी वाढत नाही. एखादा डेस्कटॉप बंद केला तर त्यावरील विंडो शेजारच्या डेस्कटॉपवर जातात. काही प्रोग्राम एका वेळी एकदाच उघडतात, म्हणून दुसऱ्या डेस्कटॉपवरून ते सुरू करू गेल्यास संगणक आपल्याला, ते आधीच उघडे असलेल्या डेस्कटॉपवर नेऊन ठेवतो. या अचानक उडीने नवखा माणूस गोंधळतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. ही उडी आपण मुद्दाम घडवून दाखवलीत. सभेत पडदा सर्वांना दिसत असताना खासगी चॅट दुसऱ्या डेस्कटॉपवर असले तरी त्याची सूचना कोपऱ्यात येऊ शकते, हा इशाराही आमच्यासारख्यांना फार आवश्यक होता.

आता माझ्या संगणकावर ‘हिशेब’, ‘अहवाल’ आणि ‘पत्रव्यवहार’ असे तीन डेस्कटॉप आहेत. विंडोज ११ मध्ये प्रत्येकाला वेगळे चित्र देता येते, म्हणून अहवालाला मी हिरवी पार्श्वभूमी दिली आहे आणि आपण कुठे आहोत हे नाव न वाचताही कळते. लेखापरीक्षक एखादी नोंद विचारतात तेव्हा अहवालाची मांडामांड न मोडता मला हिशेबाकडे जाता येते, आणि उत्तर देऊन परत आलो की परिच्छेद जिथे थांबला होता तिथूनच पुढे लिहिता येतो.

एक विनंती आहे. वर्गात आपण दिलेले एका पानाचे टिपण आमच्या इतर शाखांतील सहकाऱ्यांनी मागितले आहे. आपली परवानगी असेल तर त्याच्या प्रती काढून त्यांना देईन, आणि त्यांच्या शंका एकत्र करून आपल्याकडे पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
वर्गातील एक विद्यार्थी