गिधाडांची पिल्ले मोजा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : गिधाडांच्या घरट्यांची व उडालेल्या पिल्लांची दरवर्षी नोंद ठेवण्याबाबत.

महोदय,

हरियाणातील पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये सोडण्यात आली, याचे स्वागतच आहे. अंगावर बसवलेल्या मागोवा यंत्रामुळे (टॅग) त्यांचा ठावठिकाणा कळतो. मात्र अंजनेरीच्या कड्यांवर आणि म्हसळा-श्रीवर्धनच्या उंच झाडांवर आपणहून घरटी करणाऱ्या जोड्यांची किती पिल्ले उडाली, हेही राज्यभर एकाच पद्धतीने मोजले जावे, अशी विनंती आहे.

गिधाडाची जोडी हंगामात एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. पक्षी दीर्घायुषी असल्याने एकही पिल्लू उडाले नाही तरी एका दिवसाच्या गणनेतला आकडा काही वर्षे जागचा हलत नाही. अंडे उबवणे व पिल्लाला भरवणे नर-मादी आळीपाळीने करतात. डायक्लोफिनॅक हे जनावरांना दिले जाणारे वेदनाशामक गिधाडांना मात्र जीवघेणे ठरते. मरण्यापूर्वी ते टोचलेल्या जनावराचे मांस जोडीतल्या एकाच्या जरी पोटात गेले, की तो हंगाम बहुधा वाया जातो. पशुवैद्यकीय वापरासाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये, तर किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक या तशाच वेदनाशामकांवर २०२३ मध्ये बंदी आली. ती गावोगाव कितपत पाळली जाते, याचा अंदाज औषध दुकानाच्या वहीपेक्षा घरट्यांवरूनच अधिक येईल, असे मला वाटते.

हे काम खर्चिक नाही. कड्याच्या छायाचित्रावर प्रत्येक घरट्याला कायमचा क्रमांक द्यावा आणि ठरलेल्या जागेवरून, ड्रोन न उडवता, दुर्बिणीने डिसेंबर, फेब्रुवारी व एप्रिलमध्ये पाहणी करावी : आधी अंड्यावर बसलेला पक्षी, मग पिल्लू, शेवटी पंख फुटलेले पिल्लू. कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले म्हणून घरटे चालू आहे असे धरू नये. ती नुसती रात्रीच्या मुक्कामाची जागाही असू शकते. रिकाम्या घरट्याचीही नोंद व्हावी.

कोकणात झाडांचीही यादी हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरात असंख्य झाडे पाडली. अशा वेळी आधीच्या हंगामाची झाडवार नोंद हाताशी असेल तरच नुकसान सांगता येते. घरट्याचे झाड खासगी बागेत असेल, तर ते राखणाऱ्या मालकाला मोबदला मिळावा.

येत्या हंगामापूर्वी वनरक्षकांना या पाहणीचे प्रशिक्षण देऊन, घरट्यांच्या नेमक्या जागा गुप्त ठेवून, तालुकावार आकडे दरवर्षी जूनअखेर जाहीर करण्याचे आदेश द्यावेत.

आपला नम्र,
एक पक्षिनिरीक्षक, नाशिक