गोपाळरावांना कुठल्या पानावर ठेवू?

प्रिय नंदू,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर तिसऱ्या वाक्याला तू मला तोडलं असतंस, म्हणून लिहायला बसले. माझी तब्येत बरी आहे, गुडघा सोडून. बाकी सगळे ठीक. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय ते ठाऊक आहे, पण आज दुसरंच काही डोक्यात आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशींवरच्या मुलांच्या चित्रपुस्तकाची डमी, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, संपादकबाईंकडून परत आली. शब्दांना फारसा हात लावलेला नाही. १८८३ साली अठरा वर्षांची आनंदी कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय अमेरिकेच्या बोटीत चढते, ते पान तर त्यांना फार आवडलं. पण दोन ठिकाणी पेन्सिलीने चौकट आखली आहे. एक, तिचे पती गोपाळराव तिला मारतात ते पान. दुसरी चौकट शेवटच्या दोन जोडपानांभोवती, म्हणजे क्षय आणि मृत्यू. दोन्हींच्या बाजूला एकच सूचना: हे मागे, पालकांसाठीच्या टिपेत घ्यावं. पुस्तक पदवीदानाला संपवायचं. ११ मार्च १८८६, हातात डॉक्टरकीची पदवी, समोर टाळ्या वाजवणारी माणसं, त्यांत पंडिता रमाबाई. चित्र सुंदर होईल, त्यात वाद नाही.

पण नंदू, त्यानंतर ती वर्षभरसुद्धा जगली नाही गं. २६ फेब्रुवारी १८८७ ला गेली, एकविसाव्या वर्षी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात तिची नेमणूक झाली होती, आणि तिथे काम करणं तिच्या नशिबात नव्हतं. पदवीच्या चित्रावर पुस्तक मिटलं की मूल काय समजणार? ती परत आली, दवाखाना थाटला, बायका बऱ्या झाल्या. आपण असं एक अक्षर लिहिलेलं नसलं तरी हेच समजणार.

संपादकबाईंवर मला राग नाही. त्यांचं म्हणणं मला कळतं. पाच ते आठ वयाची मुलं, झोपताना वाचायचं पुस्तक, आणि विकत घेण्याआधी आईबाप ते शेवटाकडून चाळून बघतात. शिवाय बत्तीस पानं, म्हणजे छपाईचे दोन फॉर्म, त्यातून शीर्षकाचं पान आणि प्रकाशनाची माहिती वजा केली की उरतात जेमतेम चौदा जोडपानं. एवढ्यात एक अख्खं आयुष्य बसवायचं तर काहीतरी गाळावंच लागतं. मी स्वतः किती गाळलंय ते तू मसुद्यात पाहिलंच आहेस.

मला खरं छळतंय ते वेगळंच. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला, ते पान त्यांनी ठेवलं आहे. त्यावर पेन्सिलही नाही. मग लक्षात आलं की ते बाळ गेलं म्हणून ती डॉक्टर व्हायला निघाली. ज्या दुःखातून पुढे काही घडतं ते मुलांना दाखवलेलं चालतं. ज्यातून काहीच घडलं नाही, ते मागच्या टिपेत बारीक टायपात. आपल्या सावित्रीबाईंच्या पुस्तकात १८९७ च्या प्लेगमध्ये त्या आजारी पोराला उचलून मुलाच्या, डॉक्टर यशवंताच्या दवाखान्यात नेतात आणि त्यातच जातात. तेव्हा कुणी हरकत घेतली होती? कुणी नाही. कारण तो काम करता करता आलेला मृत्यू होता. आनंदीचा मृत्यू नुसता मृत्यू आहे. तो कुठल्याच उपयोगाचा नाही, आणि म्हणूनच मला तो पुस्तकात हवा आहे. त्याच वयाच्या मुलांच्या घरी आजी जाते, कधी भाऊही जातो, आणि त्यातून काही चांगलं निघत नाही. त्यांना हे ठाऊक असतं.

मागच्या टिपेचं म्हणशील तर हर्क्युलीस आठवतो? अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, त्याचा गुलाम आचारी. त्याच्यावर एक चित्रपुस्तक निघालं होतं, मालकाच्या वाढदिवसाचा केक करताना तो आणि त्याची मुलगी हसताहेत, असं. खरा हर्क्युलीस १७९७ मध्ये नेमका मालकाच्या वाढदिवशी पळून गेला. ही गोष्ट पुस्तकात होती, फक्त मागच्या टिपेत! गोष्टीत सगळे हसतमुख. लोक एवढे संतापले की २०१६ च्या जानेवारीत प्रकाशकाने पुस्तक बाजारातून मागे घेतलं. हर्क्युलीसच्या लहान मुलीला एका फ्रेंच पाहुण्याच्या नोकराने विचारलं होतं, वडील आता कधी दिसणार नाहीत याचं वाईट वाटत नाही का? ती म्हणाली, आनंदच आहे, कारण ते आता मोकळे आहेत. सहा वर्षांच्या मुलीचं हे बोलणं नोंदलेलं आहे, आणि सहा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकातल्या गोष्टीत त्याला जागा नाही. मला त्या पुस्तकाच्या वाटेने जायचं नाही.

आता गोपाळराव. इथे मात्र मी अडकले आहे. पोस्टातली नोकरी, बदलीच्या गावी बायकोला बरोबर नेऊन शिकवणं, त्या काळात लोकांनी काय काय ऐकवलं असेल. तिच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना पत्र लिहिलं ते त्यांनीच. ते पत्र मासिकात छापून आलं, आणि न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी ते वाचलं कुठे, तर दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघत बसल्या असताना. (हे पान तू काढायलाच हवं होतंस. दाढ दुखणारा माणूस तुझ्याइतका छान कुणी काढत नाही.) गोपाळराव नसते तर ती गेलीच नसती. आणि ह्याच माणसाने दहा वर्षांच्या मुलीला लाकडाने मारलं, तिच्यावर खुर्च्या आणि पुस्तकं फेकली, सोडून जाईन म्हणून धमकावलं. हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बोलणं नाही. तिने स्वतः अमेरिकेतून त्यांना पत्रात लिहिलं आहे, त्या वयाला आणि त्या शरीराला हे सोसणारं नव्हतं, असं.

मारणं काढलं तर गोपाळराव देवमाणूस होतात. शिकवणं कमी केलं तर राक्षस होतात. दोन्ही ठेवलं तर संपादकबाई म्हणतात, मूल गोंधळेल. सुमाच्या चिमीला मी डमी वाचून दाखवली. ती गोंधळली नाही. त्या पानावर थांबली, खुर्चीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग ती त्यांना पत्र का लिहिते?" मला उत्तर देता आलं नाही. पण नंदू, सगळ्या पुस्तकात विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे आणि तो तिने विचारला. ते पान मागे ढकललं तर हा प्रश्न कुणीच विचारणार नाही.

आपलं जुनं भांडण इथे येतंच. सावित्रीबाईंच्या तोंडी मी घातलेलं वाक्य तू तांबड्या पेनाने खोडलं होतंस आणि समासात लिहिलं होतंस, 'कुठल्या पत्रात आहे ते दाखव, मग अवतरणचिन्ह दे.' आणि स्वतः त्यांना मरून रंगाची साडी नेसवलीस! मी अजूनही म्हणते की तो रंग म्हणजे माझ्या वाक्याइतकीच कल्पना होती. बापट सर मध्ये पडले नसते तर ते पुस्तक छपाईला गेलंच नसतं. "आधी दोघी पेन्सिलीला टोक करा," हा त्यांचा सगळ्या वादांवरचा तोडगा. पण या वेळी मी तुझाच नियम पाळला आहे. अवतरणचिन्हांत फक्त तिचे स्वतःचे शब्द, एकही माझा नाही. मेडिकल कॉलेजला प्रवेश मागताना तिने लिहिलं आहे ना, की आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, ते आहे. आणि त्या पत्रातली खुर्ची आहे. आता मागे ढकलताहेत ते तिचेच शब्द. म्हणून जास्त लागतं.

तशी या सगळ्याच पुस्तकांना माणसं सोपी करायची सवय आहे. जीवाश्म शोधणाऱ्या इंग्लंडच्या मेरी अ‍ॅनिंगचंच घे. बारा वर्षांच्या मुलीने एकटीने इक्थिओसॉरचा, म्हणजे समुद्रातल्या एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचा, सांगाडा शोधला, असं दर वेळी. कवटी १८११ मध्ये तिच्या भावाला, जोसेफला सापडली होती, उरलेला सांगाडा मेरीने दुसऱ्या वर्षी शोधला. भाऊ ठेवला म्हणून मेरी लहान होत नाही. पण एकटी मुलगी मुखपृष्ठावर शोभते.

शेवटासाठी एक वाट मला सुचली होती. १८८५ चा तो फोटो तुला पाठ असेल, आनंदी, जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लांबूली, एकाच कॉलेजातल्या तिघी आपापल्या वेशात. केई पुढे पदवी घेऊन जपानला परतली, डॉक्टरकी केली. शेवटचं पान तिला द्यावं आणि गोष्ट पुढे चालू ठेवावी असं वाटलं. मग नको वाटलं. आनंदीचं जाणं झाकायला दुसरीचं आयुष्य वापरायचं, हे बरं नाही. त्यापेक्षा जे झालं तेच सांगावं. तिच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या, आणि कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत त्या आहेत. जिला ती मावशी म्हणायची तिच्या माणसांत. मुलाला हे कळेल असं मला मनापासून वाटतं.

तर विनंती अशी. तू पुस्तकांची चित्रं सोडलीस, मला माहीत आहे, आणि त्यामागची कारणंही. तरी मला एक जोडपान काढून दे. एकच खोली. डाव्या पानावर गोपाळराव तिला शिकवताहेत, उजव्या पानावर खुर्ची उलटी पडली आहे आणि दाराशी तेच गोपाळराव. चेहरा रागीट नको, तोच माणूस दिसला पाहिजे. मी शब्दांत हे कितीदा लिहून पाहिलं, प्रत्येक वेळी कुठलं तरी एक पारडं जड होतं. चित्रात दोन्ही एकदम दिसतं. ते दाखवलं तर संपादकबाईंना पटेल असं वाटतं, कारण त्या चित्र बघून ऐकतात, माझं ऐकून नाही. नुसतं पेन्सिलीचं चालेल.

तुझी नवी नोकरी कशी आहे? मुलांना चित्रकला शिकवताना ओरडत नाहीस ना? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं सुमाकडून कळलं, बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. राहुलचा निकाल लागला की कळव.

महिनाअखेरीस संपादकबाईंना भेटायचं ठरलंय. तोवर जमणार नसेल तर तसं स्पष्ट लिही. मग मी मृत्यूच्या पानांसाठी भांडेन आणि गोपाळरावांच्या पानासाठी वेळ मागून घेईन.

तुझीच,
शालू